बायांची खानावळ, पारोळा-अमळनेर रोड : मांडे, भरीत आणि मालक कोण

जळगावहून अमळनेरला जायचं तर धरणगाववरून जवळ पडतं, हे मला कोणी सांगायला नको, माझं माहेरच तिकडचं. तरी गेलं दीड वर्ष मी एरंडोल, पारोळा करत हायवेने जाते आणि पारोळ्याहून अमळनेरकडे वळते, जास्तीचं पेट्रोल जाळून, ते फक्त या खानावळीसाठी. बोर्डावर नाव असं काही नाहीच, पिवळ्या पत्र्यावर लाल रंगात खापराचे मांडे, भरीत, कळण्याची भाकर, शेवभाजी एवढं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात महिला बचत गट. आजूबाजूच्या गावांत सगळे तिला बायांची खानावळ म्हणतात, तेवढं विचारलं तरी कोणीही रस्ता दाखवतं.

आधी जेवणाचं सांगते, कारण जेवण चांगलं नसतं तर बाकीचं मी काही लिहिलंच नसतं. भरीत खायचं तर थंडीत जा, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, तेव्हाच ती हिरवट-पांढरी मोठाली भरताची वांगी येतात, जळगावच्या या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ज्याने एकदा खाल्लंय त्याला जांभळ्या वांग्याचं भरीत गोड लागत नाही. इथे वांगी गॅसवर भाजत नाहीत, मागच्या अंगणात तुराट्या आणि पऱ्हाटीचा जाळ करून त्यात टाकतात, साल पार काळं होईपर्यंत, मग सोलून लाकडाच्या बडजीत हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचतात, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप. त्या जाळाचा वास भरताला राहतो, तोच खरा मसाला. सोबत कळण्याची भाकर, ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळलेली, कडा जरा करपलेल्या, तशीच हवी. शेवभाजी मात्र जपून घ्या, काळा मसाला हात सैल सोडून टाकतात, तर्री लालभडक असते, माझ्या मुलीला पहिल्याच घासाला ठसका लागला होता. वरण-बट्टी फक्त रविवारी मिळते आणि दुपारी दीडपर्यंत संपते.

पण खरं जायचं ते मांड्यांसाठी. ज्यांनी खापरावरचा मांडा होताना पाहिला नाही त्यांना सांगते, ही काही साधी पुरणपोळी नव्हे. पीठ वस्त्रगाळ करतात, कणीक इतकी सैल की परातीतून उचलली तर हातातून ओघळते, मीठ-तेलाच्या पाण्याचा हात लावत अर्धा पाऊण तास ती आपटून आपटून तिला तार आणायची, मग दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या आणि तिथून पुढे पोळपाट-लाटणं बाजूला, सगळं हातावर. या तळहातावरून त्या तळहातावर, मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत, ती पोळी वाढत जाते, फाटत नाही, शेवटी रुमालापेक्षा मोठी झाली की एका झटक्यात चुलीवरच्या उपड्या खापरावर. मिनिटभरात भाजून निघते, घडी घालून ताटात. उन्हाळ्यात आमरसासोबत, एरवी दूध-तूप, आणि बाजूला वाटीत रशी. मी लहानपणापासून मांडे खातेय, इतके पातळ आणि तरी पुरण बाहेर न आलेले मांडे मी माझ्या आईच्या हातचे सोडले तर कुठे खाल्ले नव्हते. आईचं पुढे सांगते.

तर पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, मी, नवरा आणि मुलगी. वाढायला बाई, भाकरी थापायला बाया, खापरावर बाई, बाहेर दुचाकीवर डाळीचं पोतं लादून आणणारी पण बाई. माझ्या नवऱ्याने सहज विचारलं, मावशी, मालक कुठे आहेत, जेवण भारी झालंय म्हणून सांगायचं होतं. पासष्टीच्या एक आजी भांडी विसळत होत्या, त्या म्हणाल्या, "मालक कोन शे म्हंजे? आमी चौदा जणी शेतस ना." आणि परत भांडी विसळायला लागल्या. नवरा उठून त्या चौदापैकी जेवढ्या दिसल्या तेवढ्यांना भारी झालंय म्हणून सांगून आला, मला ते फार आवडलं.

मग त्याने स्कॅन करून पैसे टाकले आणि मोबाइलवर नाव आलं एका पुरुषाचं.

मला राहवलं नाही, मी गल्ल्यावरच्या ताईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, म्हणाल्या अध्यक्षबाईंच्या मालकांचं खातं आहे, गटाच्या खात्याचं स्टिकर बँकेने अजून दिलं नाही, रोज रात्री ते हिशोब करून रोख आणून देतात. आपल्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, त्यामुळे त्या सहज बोलून गेल्या, पण माझ्या डोक्यात ते दोन शब्द जळगावपर्यंत राहिले. चौदा जणी मालक आहेत आणि पैसा पडतो तो मालकांच्या खात्यात. मी तेव्हाच ठरवलं होतं की याचं काय होतं ते बघायचं आणि मगच या जागेबद्दल लिहायचं, नाहीतर नुसतं कौतुक करून मोकळं होणं मला पटलं नसतं.

हे मला एवढं का लागलं ते पण सांगते. मी जळगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली, कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली, मी सगळ्यात सीनियर होते, जागा मिळाली ती ज्या मुलाला मीच मशीनवरचं चेकिंग शिकवलं होतं त्याला. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मला कारण सांगितलं रात्रपाळी, बाईला रात्री कसं ठेवायचं. आता कायद्याचं सांगायचं तर १९४८ च्या कारखाने कायद्यात बायांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला बंदी होती हे खरं आहे, पण महाराष्ट्राने २०१५ साली ती सैल केली, सुरक्षितता आणि घरी जाण्यायेण्याची सोय करून रात्रपाळी देता येते. म्हणजे गाडी लावायची गोष्ट होती. ती गाडी लावण्यापेक्षा मला बाजूला ठेवणं सोपं पडलं. आणि सगळ्यात वाईट काय वाटलं तर मला कोणी विचारलंच नाही की तुम्ही रात्रपाळी करणार का, माझ्या वतीने माझं उत्तर देऊन टाकलं.

खान्देशात बायका काम करत नाहीत असं तर कोणी म्हणूच शकत नाही. कापूस कोण वेचतं? निंदणी कोण करतं? डाळ मिलमध्ये निवडायला, केळीच्या बागेत, उन्हाळ्यात घरोघरी कुरडया, बिबडे, पापड, सगळीकडे बायाच. फवारणी आणि पेरणीचा रोज वेगळा, निंदणीचा वेगळा, हे गावात सगळ्यांना माहिती आहे आणि समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झालाय, माझ्या जन्माआधी. पण सातबाऱ्यावर बघा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायका साधारण १४ टक्के निघाल्या. शेतात वाकलेल्या बाया किती आणि उताऱ्यावर नाव किती जणींचं. काम करू देतात, भरपूर करू देतात, सही करायची वेळ आली की मग घरात विचारून सांगते म्हणावं लागतं.

म्हणून मी या खानावळीत जेवणाइतकंच हे बघत गेले की निर्णय कोण घेतं. दर पंधरा दिवसांनी माहेरी जाताना थांबायचं, गर्दी नसेल तर बोलायचं, असं करत करत ओळख झाली.

एक गोष्ट मला फार भारी वाटली ती धुराड्याची. पहिल्या वर्षी जो काही नफा उरला त्यातून काय घ्यायचं यावर त्यांची बैठक झाली. घरच्या पुरुष मंडळींचा सल्ला होता मोठा लाइटचा बोर्ड लावा, हायवेवरून दिसला पाहिजे. या चौदा जणींनी ठरवलं आधी चुलीवर धुराडं आणि एक्झॉस्ट फॅन, कारण खापरासमोर उभी राहणारी बाई संध्याकाळपर्यंत खोकून बेजार होते. दुसरा खर्च ओटा उंच करायचा, वाकून भाकरी थापून कंबर जाते म्हणून. बोर्ड अजूनही तोच पिवळा पत्र्याचा आहे. मला वाटतं ज्याला चुलीजवळ उभं राहायचं नाही त्याला धुराड्याचं सुचणारच नाही, त्याचा हेतू वाईट असतो असं नाही, त्याच्या डोळ्यांत धूर गेलेलाच नसतो. आमच्या कंपनीत बायकांच्या चेंजिंग रूमची कडी तीन वर्षं तुटलेली आहे आणि दर मीटिंगला विषय पुढे ढकलला जातो, त्या मीटिंगला बसणारे सगळे पुरुष आहेत, एवढं साधं आहे ते.

गल्ल्यावर दर दोन महिन्यांनी बाई बदलते. सुरुवातीला मला वाटलं होतं हे गोंधळाचं काम आहे, एकीला जमतंय तर तिलाच बसवावं ना. पण त्यांचं म्हणणं असं की हिशोब एकटीलाच आला तर उद्या ती एकटीच मोठी होईल आणि बाकीच्या परत मजूर. जिला अक्षरओळख जेमतेम आहे ती पण बसते, शेजारी कॉलेजातली कोणाची तरी मुलगी बसवतात, दोन महिन्यांत आकडे यायला लागतात. त्यामुळे कधीकधी बिलाला उशीर होतो, माझ्या पुढच्या एका माणसाने त्यावरून आवाज चढवला होता, तर खापरावरची बाई तिथूनच म्हणाली, दादा, शिकतेय ती, पाणी प्या तोवर. माणूस गप्प बसला. रोज सगळ्यांना सारखा, भांडी घासणारीला आणि गल्ल्यावरच्या बाईला एकच, फक्त मांडे करणारीला थोडा जास्त, कारण ते कसब आहे आणि हात भाजतात, त्यावर पण म्हणे दोन बैठका भांडण झालं आणि मग एकमताने ठरलं. महिन्याच्या शेवटी नफा उरला तर चौदा वाटे.

मागच्या खोलीत दोन झोळ्या बांधलेल्या आहेत. एक बाई मुलाला झोळीत टाकून भाकरी थापते, दुसरी मधूनच जाऊन झोका देऊन येते, कोणी कोणाला विचारत बसत नाही. २०१७ ला कायदा बदलून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आम्ही कंपनीत पन्नासाच्या कितीतरी वर आहोत. पाळणाघर म्हणून एक खोली दाखवतात, तिच्यात खोके भरलेत. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना मी तिला सासूबाईंजवळ ठेवून कामावर गेले, तेव्हा सासूबाईंनी साथ दिली म्हणून नोकरी टिकली, माझ्यासोबतच्या तिघींची नाही टिकली. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं त्यांच्या अभ्यासातलं एक म्हणणं मी तेव्हा वाचलं होतं, की एकाच कामातल्या बाई-पुरुषांच्या कमाईत फरक पडायला सुरुवात होते ती मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर. वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि त्या तिघींची आठवण आली. त्यांतली एक तर माझ्यापेक्षा हुशार होती. इथे या खोलीत दोन साड्यांच्या झोळ्यांवर ते काम भागलंय.

भिंतीवर तीन फोटो आहेत, सावित्रीबाई, बहिणाबाई आणि प्रतिभाताई पाटील. प्रतिभाताईंचा फोटो बघून माझी मुलगी विचारते कोण गं या, तर तिला सांगितलं की आपल्याच जिल्ह्यातल्या नाडगावच्या, जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकल्या, १९६२ साली २७ वर्षांच्या असताना आमदार झाल्या आणि २००७ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. ती म्हणाली मग तुझ्या कंपनीत बाई साहेब का नाही. नऊ वर्षांची आहे. मी तिला खरं ते सांगितलं, की आई प्रयत्न करतेय. आणि त्या जूनमध्ये मी खरोखरच लेखी अर्ज दिला, पुढची शिफ्ट इन्चार्जची जागा निघेल तेव्हा माझा विचार व्हावा, रात्रपाळी करायला मी तयार आहे, असं स्पष्ट लिहून, सही करून, पोच घेऊन. उत्तर अजून आलेलं नाही. पण आता माझ्या वतीने कोणी उत्तर देऊ शकणार नाही.

रात्रीचं जेवण इथे नऊला बंद होतं, यावर लोकांच्या तक्रारी असतात, हायवेच्या बाजूच्या ढाब्यांसारखं बारापर्यंत चालू ठेवा म्हणतात. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा बघितला तर त्यात पण रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित घरी पोचवायची सोय लागते. यांनी एक अ‍ॅपे रिक्षा महिन्याच्या बोलीवर लावलीय, साडेनऊला ती सगळ्यांना दोन गावांत दारापर्यंत सोडते, तिचे पैसे धंद्यातून जातात, कोणाच्या रोजातून कापत नाहीत. मला एवढ्याशा खानावळीला हे जमतं हे बघून आनंद झाला आणि रागही आला, राग कशाचा ते वर लिहिलंय. दारू पिऊन आलेल्याला जेवण मिळणार नाही ही पाटी दारातच आहे आणि ती पाळतात, मी माझ्या डोळ्यांनी एका चांगल्या गाडीतून आलेल्या चौघांना परत जाताना पाहिलंय. एकटी बाई जाऊन निवांत जेवू शकते अशा जागा या रस्त्यावर किती आहेत? मी तिथे एकटी जेवले आहे, संध्याकाळी सात वाजता, कोणी वळून बघितलं नाही. संडास स्वच्छ आहे, आतून कडी लागते, कचऱ्याचा डबा आहे, पाणी आहे. प्रवास करणाऱ्या बायकांना मी काय सांगतेय ते कळेल.

आता स्कॅनरचं. माझ्या पहिल्या फेरीनंतर चारेक महिन्यांनी गेले तर गल्ल्यावर नवीन स्टिकर, पैसे टाकले आणि नाव आलं गटाचं. मी विचारलं काय झालं. तर दोनदा असं झालं होतं की त्या भाऊंनी खतं घ्यायची होती म्हणून गटाचे पैसे वापरले आणि आठ-दहा दिवसांनी दिले, बुडवले नाहीत, पण त्या आठवड्यात डाळवाल्याचं बिल थकलं. कोणीच बोलेना, कारण अध्यक्षबाईंच्या घरचा विषय. शेवटी बैठकीत अध्यक्षबाई स्वतःच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ठराव मीच मांडते, पैसे गटाच्याच खात्यात आले पाहिजेत. घरी त्यांना काय ऐकावं लागलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बँकेने हा कागद आणा तो कागद आणा करत हेलपाटे घालायला लावले, मग एक दिवस खानावळ दुपारपर्यंत बंद ठेवून चौदाही जणी एकदमच बँकेत जाऊन बसल्या. स्टिकर त्या आठवड्यात आलं. मला विचाराल तर या दीड वर्षात मी बघितलेली सगळ्यात मोठी हिंमत ही आहे, बँकेसमोर उभं राहणं एकवेळ सोपं, स्वतःच्या घरातल्या माणसाविरुद्ध नाही पण त्याच्या खात्याविरुद्ध ठराव मांडायचा आणि संध्याकाळी त्याच घरी जाऊन स्वयंपाक करायचा.

त्यांच्यातल्या एक जणी आधी ग्रामपंचायत सदस्य होत्या. आपल्याकडे पंचायतीत बायांना आधी एक तृतीयांश जागा होत्या, २०११ पासून ५० टक्के झाल्या, त्या जागेवर त्या निवडून आलेल्या. त्या म्हणाल्या, "पाच वर्षांत खुर्चीवर मी सात-आठ वेळा बसले असेन, बाकी मालकच जायचे, मला रजिस्टर घरी यायचं सहीला." त्याच बाई आता डाळ मिलवाल्याशी भावावरून अशी घासाघीस करतात की बघत राहावं. मी म्हटलं तेव्हा का नाही बोललात, तर म्हणाल्या तेव्हा एकटी होते, इथे तेरा जणी मागे उभ्या असतात. आरक्षणाने काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते, त्यांना खुर्ची मिळाली होती म्हणून निदान आपण खुर्चीवर बसत नाही हे तरी त्यांना लागलं.

वर्षातून पाच दिवस खानावळ पूर्ण बंद असते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्याच वेळी आमरस-मांड्याची सगळ्यात जास्त मागणी असते, कोणताही धंदेवाला म्हणेल वेड्या आहात का. पण आखाजीला पोरी माहेरी येतात, गौराई असते, झोके बांधतात, गाणी होतात, मग यांनी त्या दिवशी दुसऱ्यांसाठी मांडे का करायचे? त्या पण कोणाच्या तरी लेकी आहेत. गेल्या आखाजीला बंद दारासमोरून दोन गाड्या हळहळत परत गेलेल्या मी बघितल्या आणि मला आइसलँडची आठवण आली, तिथे २४ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या जवळपास ९० टक्के बायकांनी एक दिवस नोकरी पण केली नाही आणि घरकाम पण नाही, सगळा देश अडून बसला, पुढच्या वर्षी समानतेचा कायदा आला आणि १९८० ला तिथे व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर निवडून राष्ट्राध्यक्ष झाल्या. आमच्या बायांना आइसलँड माहीत नाही, त्यांनी आपल्या आखाजीसाठी दार लावलं.

कमी काय आहे तेही सांगते. मांड्याला चाळीस मिनिटं थांबावं लागतं, रविवारी तासभर, घाई असेल तर भाकरी घ्या नाहीतर आदल्या दिवशी फोन करून ठेवा. पावसाळ्यात समोर चिखल होतो, गाडी लावायला जागा नाही, माशा पण असतात. पंखे चार आणि एप्रिल-मे मधलं आपल्याकडचं ऊन, दुपारी बसवत नाही. एकदा नोव्हेंबरमध्ये आमरस दिला तो डब्यातला होता आणि सांगितलं नव्हतं, मी बोलले, आता सीझन नसेल तर फळ्यावर डब्याचा रस असं स्वच्छ लिहितात. मीठ कधी कमी कधी जास्त, कारण हात बदलतात. मांड्याचं ताट १८० रुपये, भरीत-भाकर १२०, मला हे वाजवी वाटतं, काही जणांना घरगुती म्हणून स्वस्त पाहिजे असतं, घरगुती म्हणजे बायकांची मेहनत फुकट असं धरून चालतात त्यांच्याशी मी तिथे टेबलावरच वाद घातलाय. पाचपैकी साडेचार देते, अर्धा चिखल आणि पंख्यांचा कापला.

आता आईचं. माझ्या आईचा मांड्याचा हात अख्ख्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. चाळीस वर्षं प्रत्येक लग्नाला तिला बोलावणं, पहाटे तीनला उठून जायची, दोनशे-दोनशे मांडे करायची, आणि मिळायचं काय तर खण-नारळ आणि सगळे म्हणायचे बाईच्या हाताला चव आहे. तिला त्याचं वाईट कधी वाटलं नाही किंवा वाटलं तरी तिने सांगितलं नाही. मागच्या श्रावणात मी तिला या खानावळीत घेऊन गेले. ती जेवायच्या आधी उठून खापराजवळ गेली, पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली, कणकेत बोट घातलं, अजून पाणी पाहिजे म्हणाली, आणि मग त्या बाईला हळूच विचारलं, "रोज कितला देतस वं?" बाईने आकडा सांगितला. आई टेबलावर येऊन बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही, मांडा तसाच गार झाला.

दोन आठवड्यांनी अध्यक्षबाईंचाच फोन आला, दोन नव्या मुलींना मांडे शिकवायचेत, काकू येतील का, रोज देऊ. वडील म्हणाले या वयात लोकांकडे कामाला जाणार का. आई म्हणाली हो. पहिल्या महिन्याचे पैसे घ्यायला खातं लागलं म्हणून तिने तिच्या एकटीच्या नावावर खातं उघडलं, बासष्टाव्या वर्षी, पासबुक ती ब्लाउजच्या पेटीत ठेवते. म्हणून आधीच सांगते, ही खानावळ आता मला परकी राहिली नाही, वर लिहिलेलं बरंचसं मात्र मी आई तिथे जायच्या आधीच टिपून ठेवलेलं आहे. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी गेलात तर खापरावर आईच असते, डोक्यावर पदर, नाकात नथ नाही फुली. तिला सांगा मांडा जरा खरपूस हवा, तिला तसाच करायला आवडतो.